शिकविणाऱ्याला कोण शिकविणार?



विहाराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघते आहे, तिच्यात शिक्षणावर चार शब्द लिहा, असे आम्हांला सांगण्यात आले. आपल्या समाजात शिक्षणावर लिहायचे म्हणजे शिकलेल्या पोराबद्दल लिहायचे, अशी रीत पडली आहे. कोण इंजिनिअर झाला, कोण बँकेत लागला, कुणाची लेक एम. ए. झाली. ते लिहिलेच पाहिजे, त्याचा अभिमान आहेच. पण त्या पोराला शिकविणारा पहिल्या दिवशी वर्गात कसा उभा राहिला, त्याला कुणी उभे केले, आणि ज्याने उभे केले त्याला तरी हे काम कुणी शिकविले, हे सहसा कुणी विचारीत नाही. आम्ही या लेखात तेवढेच विचारणार आहोत. इतिहास सांगणार आहोत, पण तो सांगण्याआधी आमची एक चूक कबूल करणे भाग आहे. कारण ती चूक झाली नसती, तर हा इतिहास आम्ही शोधायला गेलोच नसतो.

आधी आमचीच चूक

काही वर्षांपूर्वी विहारात संध्याकाळचा अभ्यासवर्ग सुरू करायचे ठरले. वस्तीतल्याच एका मुलीने नुकतीच डी. एड. पदविका घेतली होती. नोकरी लागायची होती, मुलगी हुशार, आवाज खणखणीत. तिला आम्ही विचारले, ती आनंदाने हो म्हणाली. उद्घाटन झाले, त्रिशरण-पंचशील झाले, दोन भाषणे झाली, फोटो निघाला. आम्ही तिच्या हातात विहाराची किल्ली दिली, खडूचा डबा दिला आणि आपापल्या घरी गेलो.

पहिलीपासून दहावीपर्यंतची चाळीसेक पोरं एका खोलीत. लहान पोरं रडायची, मोठी पोरं खिडकीतून उड्या मारायची. एकाला पाढे हवेत, दुसऱ्याला बीजगणित. महिना-दीड महिना तिने ओढले. मग पालकांच्या तक्रारी सुरू झाल्या. "पोरं नुसता दंगा करत्यात, शिकवत कायच नाय." आम्ही बैठक घेतली आणि चारचौघांत तिला जाब विचारला. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी धाकट्या भावाच्या हाती किल्ली पाठवून दिली. वर्ग बंद पडला.

त्या दीड महिन्यात आमच्यापैकी एकही माणूस एक संध्याकाळसुद्धा मागे जाऊन बसला नव्हता. ही गोष्ट आमच्या ध्यानात आणून दिली ती एका निवृत्त गुरुजींनी. ते म्हणाले, "तुम्ही तिला पोहायला शिकवलं नाही, विहिरीत ढकललं, आणि वर म्हणता की हिला पोहता येत नाही." या गुरुजींविषयी पुढे सांगूच. पण त्यांच्या त्या बोलण्याने आम्ही वाचायला लागलो, विचारायला लागलो. आणि कळले ते हे की, नव्या शिकविणाऱ्याला सांभाळून घ्यायचे ही काही आजच्या सरकारने काढलेली टूम नाही. ती आपल्या धम्मातली फार जुनी व्यवस्था आहे.

विनयातली व्यवस्था

विनयपिटकाच्या महावग्गात याची हकीगत आहे. संघ वाढू लागला. नवे नवे लोक प्रव्रज्या घेऊ लागले. पण त्यांना सांगणारे, समजावणारे कुणी नव्हते. ते कसेही चीवर नेसून भिक्षेला जात, लोक जेवत असताना पात्र पुढे करीत, जेवताना गलका करीत. लोक नावे ठेवू लागले. ही तक्रार भगवान बुद्धांपर्यंत गेली. आमच्यासारखी बैठक घेऊन नव्यांना दटावणे सोपे होते. तथागतांनी दोष नुसता नव्यांवर ठेवला नाही, तर प्रत्येक नव्याला एक जबाबदार वडीलधारा नेमून दिला. त्याचे नाव उपाध्याय. उपाध्यायाने शिष्याला मुलासारखे मानावे आणि शिष्याने उपाध्यायाला वडिलांसारखे. बरं, ही काही एकतर्फी सेवा नव्हे. शिष्याने गुरूची सेवा करायची, तशीच गुरूनेही शिष्याची काळजी घ्यायची. त्याच्याकडे पात्र नसेल तर मिळवून द्यायचे, चीवर नसेल तर ते द्यायचे, तो आजारी पडला तर बरा होईपर्यंत उशाशी बसायचे. नव्या भिक्खूने अशा आधाराखाली राहावे, याला 'निस्सय' म्हणतात. समर्थ भिक्खूसाठी हा काळ किमान पाच वर्षांचा ठरला. पाच वर्षे! आणि आम्ही आमच्या मुलीला पाच दिवससुद्धा दिले नव्हते.

याच ठिकाणी उपसेन नावाच्या भिक्खूची गोष्ट येते. उपसेनाला स्वतःला जेमतेम दोन वर्षावास झाले होते, आणि तो एक वर्षावास झालेल्या शिष्याला घेऊन भगवंतांच्या भेटीला आला. ज्याला अजून दुसऱ्याने सांगायला हवे तो स्वतःच दुसऱ्याला सांगायला निघाला, म्हणून भगवंतांनी त्याला खडसावले. त्यानंतर नियम झाला की दहा वर्षे पूर्ण झाल्याशिवाय कुणी उपाध्याय होऊ नये. पण मग असेही दिसले की, दहा वर्षे झालेले काही जण नुसते वयाने मोठे आहेत, त्यांना काही येत नाही. तेव्हा नियमात भर पडली. दहा वर्षे तर हवीतच, पण तो जाणता आणि समर्थही हवा.

या गोष्टीत आमच्या मते सगळ्या विषयाचे मूळ आहे. शिकविणारा एक दिवस नवा असतो, हे आपल्याला समजते. पण शिकविणाऱ्याला शिकविणाराही एक दिवस नवाच असतो, हे आपण विसरतो. केवळ नोकरीची वर्षे भरली म्हणून ते काम येत नाही.

दुसरी गोष्ट नागसेनाची. मिलिंद राजाच्या प्रश्नांना ज्याने उत्तरे दिली तो नागसेन आपल्या सर्वांना माहीत आहे. पण 'मिलिंदपञ्ह' या ग्रंथाच्या सुरुवातीला नागसेन स्वतः कसा घडला ते आले आहे. त्याला रोहण नावाच्या स्थविराने प्रव्रज्या दिली व अभिधम्म शिकविला. मग त्यांनी त्याला अस्सगुत्त स्थविरांकडे पाठविले. अस्सगुत्तांना एक वृद्ध उपासिका बरीच वर्षे भोजन देत असे. वर्षावास संपल्यावर ते नागसेनाला तिच्या घरी घेऊन गेले. भोजन झाल्यावर, उपासिकेला धम्म तू सांग, असे म्हणून ते स्वतः उठून निघून गेले. हे ध्यानात घेण्यासारखे आहे. त्यांनी त्याला सोबत नेले, ओळखीच्या घरात नेले, जिथे चुकले तरी चालेल अशा मायाळू श्रोत्यापुढे बसविले आणि मग स्वतः बाजूला झाले. पुढे त्याला पाटलिपुत्रात अशोकारामात धम्मरक्खितांकडे धाडले. तीन गुरूंच्या हातांखालून गेलेला हा माणूस मग राजापुढे बसला.

पुणे-नगर रस्त्यावरची शाळा

आता आपल्या जवळच्या इतिहासाकडे येऊ. पुणे-नगर रस्ता आपल्या शिरूर तालुक्यातून जातो. दर वर्षी १ जानेवारीला आपण निमोण्याहून याच रस्त्याला लागून भीमा-कोरेगावला मानवंदनेला जातो. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब स्वतः तिथे आले होते, हे लहान पोरालाही ठाऊक आहे. पण या रस्त्याला आणखी एक इतिहास आहे, तो कमी लोकांना माहीत आहे.

मिस सिंथिया फरार या अमेरिकन मिशनच्या बाई नगरला मुलींच्या शाळा चालवीत होत्या. तरुण जोतीराव फुले आपले मित्र सदाशिवराव गोवंडे यांच्याबरोबर नगरला गेले, त्यांनी त्या शाळा पाहिल्या, आणि पुण्याला परत येऊन १८४८ साली मुलींची शाळा काढली. पुण्याहून नगरची वाट आपल्या घोडनदीवरूनच जाते. म्हणजे भिडेवाड्यातल्या शाळेचे बी ज्या प्रवासात रुजले, तो प्रवास आपल्या दारावरून झालेला आहे.

आता सावित्रीबाईंचे पाहा. आपण जयंतीला सांगतो की त्यांच्यावर शेण-चिखल फेकला, त्या एक जादा लुगडे पिशवीत ठेवीत. ते खरे आहे. पण तेवढेच सांगितले की वाटते, बाई एका सकाळी धीर करून उठल्या आणि शिक्षिका झाल्या. तसे झालेले नाही. जोतीरावांनी त्यांना घरी शिकविले. पुढे केशव शिवराम भवाळकर आणि सखाराम यशवंत परांजपे या मित्रांनी शिकविले. नगरला मिस फरार यांच्याकडे आणि पुण्याला मिसेस मिचेल यांच्या नॉर्मल स्कूलमध्ये त्यांनी अध्यापनाचे शिक्षण घेतले, अशी नोंद त्यांच्या चरित्रांत आहे. नॉर्मल स्कूल म्हणजे त्या काळचे अध्यापक विद्यालय. म्हणजे धैर्य त्यांचे स्वतःचे होतेच, पण त्या धैर्याला तयारीची जोड होती. आणि सोबतही होती. १० ऑक्टोबर १८५६ रोजी माहेरहून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी फातिमाची आठवण काढली आहे. आपण आजारी असल्याने तिच्यावर कामाचा भार पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, असा त्या पत्राचा भाव आहे. एकीने दुसरीचे काम सांभाळायचे, यालाच सोबत म्हणतात.

त्या तयारीचे फळ काय मिळाले? फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता नावाच्या मांग समाजातल्या मुलीने महार-मांगांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो १८५५ साली 'ज्ञानोदय' मध्ये छापून आला. आजही तो वाचताना अंगावर काटा येतो. अशी विद्यार्थिनी आयत्या वेळी उभ्या केलेल्या शिक्षकाच्या हातून घडत नसते.

१८८२ सालचे मागणे

जोतीराव एवढ्यावर थांबले नाहीत. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी त्यांनी हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन दिले. प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा ही त्यातली मागणी प्रसिद्ध आहे. पण शिक्षकांविषयी त्यांनी जे मागितले, ते आज मुद्दाम वाचण्यासारखे आहे.

ते म्हणतात, प्राथमिक शाळांतले बहुतेक शिक्षक प्रशिक्षण न घेतलेले आहेत आणि त्यांचा पगार दहा रुपयांच्या वर क्वचितच जातो. शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून तयार करावेत, म्हणजे ते लोकांत मिसळतील आणि त्यांच्या गरजा ओळखतील. त्यांच्या प्रशिक्षणात नेहमीच्या विषयांबरोबर शेती आणि आरोग्याची माहिती असावी. पगार १२ रुपयांपेक्षा कमी नसावा, मोठ्या गावांत १५ किंवा २० असावा. गावात त्यांचा मान वाढावा म्हणून गावचे हिशेब तपासणे, दस्त नोंदविणे, टपालाचे काम अशी कामे त्यांच्याकडे द्यावीत.

आणि सर्वांत मोलाचे असे की, तपासनिसाची वर्षातून एकदा होणारी भेट काही उपयोगाची नाही. शाळा निदान दर तीन महिन्यांनी पाहिली पाहिजे, आणि अधूनमधून न कळविताही पाहिली पाहिजे. वर्षातून एकदा येणारा माणूस फक्त चूक काढू शकतो. चूक सुधारायला वारंवार यावे लागते. ही गोष्ट जोतीरावांनी १८८२ साली ओळखली होती.

साताऱ्याची रीत

जोतीरावांचे हे स्वप्न बहुजन समाजाच्या गावागावांत नेले ते कर्मवीर भाऊराव पाटील यांनी. १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ साली साताऱ्याला बोर्डिंग काढले. तिथे सर्व जातींची मुले एका पंगतीत जेवत होती. पोरं शिकू लागली, तसा प्रश्न आला की गावोगाव शाळा काढायच्या तर गुरुजी कुठून आणायचे? शहरातला शिकलेला माणूस डोंगरातल्या वाडीवर राहायला येत नाही. म्हणून १९३५ साली कर्मवीरांनी साताऱ्याला अध्यापक विद्यालय सुरू केले. त्याला सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज म्हणत. खेड्यातलाच मुलगा घ्यायचा, त्याला राबत राबत शिकवायचे आणि पुन्हा खेड्यात पाठवायचा, ही त्यांची रीत. १९३८ साली यवतेश्वरला पहिली व्हॉलंटरी शाळा निघाली आणि पुढच्या दहा-अकरा वर्षांत अशा ५७८ शाळा उभ्या राहिल्या. आधी शाळा काढून मग गुरुजी शोधले असते तर हे झाले नसते. गुरुजी घडविण्याची सोय तीन वर्षे आधी झाली होती, हा तारखांचा क्रम विसरू नये.

बाबासाहेबांचा पहिला वर्ग

परमपूज्य बाबासाहेबसुद्धा एकेकाळी नवे प्राध्यापक होते. नोव्हेंबर १९१८ मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्र शिकवू लागले. सुरुवातीला विद्यार्थ्यांनी फारसे मनावर घेतले नाही. पण त्यांची तयारी एवढी की पुढे दुसऱ्या कॉलेजांतली मुलेही परवानगी काढून त्यांच्या तासाला येऊन बसू लागली. आणि प्राध्यापकांच्या खोलीत काय चालले होते? तिथल्या पाण्याच्या भांड्याला त्यांनी हात लावू नये म्हणून काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. नव्या माणसाला सांभाळून घेणे दूरच, त्याला पाणीही नाही. मार्च १९२० मध्ये त्यांनी ती नोकरी सोडली आणि अपुरे राहिलेले शिक्षण पुरे करायला ते पुन्हा लंडनला गेले.

आमची अशी समजूत आहे की, त्या पाण्याच्या भांड्याचा विसर त्यांना कधी पडला नसावा. १९२४ साली मुंबई विद्यापीठाच्या सुधारणा समितीने प्रश्नावली पाठविली. तिला उत्तर देताना बाबासाहेबांनी सांगितले की, पदवीचे वर्ग आणि पदव्युत्तर वर्ग यांची ताटातूट करू नका, कारण त्यात शिकविणे आणि संशोधन यांची ताटातूट होते. साध्या भाषेत सांगायचे तर, जाणते एकीकडे आणि नवखे दुसरीकडे असे करू नका. जाणत्याच्या सहवासातच नवखा तयार होतो.

८ जुलै १९४५ रोजी त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० साली औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, महाविद्यालय निघाले. त्याला पुढे मिलिंद हे नाव मिळाले आणि परिसराला नागसेनवन. प्रश्न विचारणारा राजा आणि उत्तर देणारा भिक्खू, दोघांचीही नावे. प्राचार्य म. भि. चिटणीस यांच्यासारखा माणूस त्यांनी तिथे नेमला. मराठवाड्यातल्या खेड्यांतून आलेल्या, घरात अक्षर नसलेल्या मुलांची पिढी तिथे शिकली आणि त्यांतले अनेक जण पुढे स्वतः प्राध्यापक झाले. डॉ. गंगाधर पानतावणे यांचेही नाव इथे घेतले पाहिजे. त्यांनी मिलिंदमध्ये शिकविले आणि 'अस्मितादर्श' च्या पानांवर नव्या लिहिणाऱ्यांची एक फळीच्या फळी उभी केली. आपल्याला मिळालेला आधार पुढच्याला द्यायचा, हे त्यांनी करून दाखविले.

सरकारी वाट

स्वातंत्र्यानंतर हे काम सरकारने हाती घेतले. १९६४ साली पुण्यात राज्य शिक्षणशास्त्र संस्था निघाली. १९८४ साली तिची राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद झाली. १९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातून जिल्ह्याजिल्ह्यात शिक्षण व प्रशिक्षण संस्था आल्या. आपल्या पुणे जिल्ह्याची संस्था लोणी काळभोरला आहे. त्याच धोरणातून विद्यापीठांत नव्या प्राध्यापकांसाठी अकॅडमिक स्टाफ कॉलेजे आली. त्यांची नावे २०१५ साली आणि पुन्हा २०२३ साली बदलली, काम तेच राहिले. १९९४ साली महाराष्ट्रात केंद्रप्रमुख हे पद आले. जवळपासच्या काही शाळांचे एक केंद्र, त्या केंद्राचा एक प्रमुख. त्याने शाळांना वारंवार भेटी द्यायच्या, गुरुजींना मदत करायची. जोतीरावांनी दर तीन महिन्यांची भेट मागितली होती, तिची व्यवस्था कागदावर व्हायला एकशे बारा वर्षे लागली.

'कागदावर' हा शब्द आम्ही जाणून लिहिला. कारण २००० साली शिक्षणसेवक योजना आली. नव्या गुरुजीने पहिली तीन वर्षे मानधनावर काढायची. प्राथमिकला हे मानधन सुरुवातीला महिना ३,००० रुपये होते. पुढे ते ६,००० झाले आणि २०२३ पासून १६,००० झाले. विनयातही नव्या भिक्खूची पाच वर्षे असतात, इथे नव्या गुरुजीची तीन. पण तिथल्या पाच वर्षांत एक माणूस उशाशी बसतो. इथल्या तीन वर्षांत नवखेपणाची कपात पगारातून होते, सोबतीचे मात्र कुणाच्या ध्यानी नाही. २०२० च्या धोरणात प्रत्येक शिक्षकाने वर्षाला ५० तास स्वतःच्या वाढीसाठी द्यावेत असे म्हटले आहे. चांगले आहे. पण तास मोजता येतात, सोबत मोजता येत नाही.

गुरुजींनी सांगितलेले

आता त्या निवृत्त गुरुजींकडे परत येतो. त्यांचे नाव छापू नका असे त्यांनी बजावले आहे. ते एकशिक्षकी शाळेवर लागले होते. चार वर्ग, एक खोली, एक फळा. पहिल्या आठवड्यात नोकरी सोडून द्यावी असे त्यांना वाटले. शेजारच्या गावचे एक जुने मास्तर दर शनिवारी सायकलवर येत आणि शाळा सुटेपर्यंत मागे बसून राहत. पोरांसमोर एक शब्द बोलत नसत. शाळा सुटल्यावर झाडाखाली बसून एकच गोष्ट सांगत, दोन नाही. "चौथीच्या पोराला पहिलीच्या पोराजवळ बसव." पुढच्या शनिवारी, "एका वर्गाला तोंडी, तवर दुसऱ्याला पाटीवर." असे वर्षभर. गुरुजी म्हणतात, "डी. एड.ला मी शिक्षक झालो नव्हतो. त्या झाडाखाली झालो."

पण पुढची गोष्ट त्याहून महत्त्वाची. बऱ्याच वर्षांनी गुरुजी केंद्रप्रमुख झाले. पहिल्याच भेटीत त्यांनी एका नव्या शिक्षकाचा पाठ पाहिला, टाचण अपुरे होते, आणि शेरेबुकात लालेलाल शेरा मारला. त्या पोराचा चेहरा उतरला. संध्याकाळी ही गोष्ट त्यांनी एका जुन्या विस्तार अधिकाऱ्यांना अभिमानाने सांगितली. ते साहेब हसले आणि म्हणाले, "तुम्ही वीस वर्षे पोरं शिकवली. माणसं शिकवायला आज सुरुवात केलीय. पुढच्या भेटीला मी तुमच्यासंगं येतो." आणि खरोखर आले. पुढचे सहा महिने ते अधूनमधून येत राहिले. गुरुजी शिक्षकांचे पाठ पाहत, आणि साहेब गुरुजींचे पाहणे पाहत. शेरा कसा लिहावा, चांगले काय ते आधी कसे सांगावे, वर्गात शिक्षकाला न तोडता बाहेर कसे बोलावे, हे त्यांनी तिथे शिकविले. उपसेनाची गोष्ट आम्ही ग्रंथात वाचली. गुरुजी ती जगले होते.

आता पुढे काय

आम्ही त्या मुलीच्या घरी गेलो. तिची माफी मागितली. तिच्या आईने चहा दिला, पण ती लगेच तयार झाली नाही, आणि ते बरोबरच होते. गुरुजी म्हणाले, मी येऊन मागे बसतो. तेव्हा ती हो म्हणाली. या वेळी सुरुवात फक्त बारा पोरांवर केली, दुसरी ते चौथी. गुरुजी आठवड्यातून दोनदा येत, मागे चटईवर बसत. बोलणे नंतर, विहाराच्या पायरीवर. तीन महिन्यांनी पोरं वाढविली, मोठ्यांसाठी वेगळा वार केला. मग गुरुजींचे येणे आठवड्यातून एकदा, मग पंधरवड्यातून. पुढे त्या मुलीला नोकरी लागली, ती दुसऱ्या तालुक्यात गेली. पण जाण्याआधी दोन महिने तिने एका कॉलेजच्या मुलाला शेजारी उभे करून शिकविले. आणि त्या दोन महिन्यांत गुरुजी तिच्या मागे बसत, ती शिकविते कशी हे पाहायला नव्हे, ती त्याला सांगते कशी हे पाहायला.

आज वस्तीतल्या घराघरांतून शिकविणारे निघत आहेत. कुणी अंगणवाडीत, कुणी जिल्हा परिषदेत, कुणी शिरूर-दौंडच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर. बहुतेकांच्या घरात याआधी कुणी गुरुजी झालेला नाही. म्हणजे संध्याकाळी घरी येऊन "आज वर्ग हाताबाहेर गेला" असे कुणाला सांगावे, तर ऐकून समजणारे घरात कुणी नाही. नोकरी लागली की आपण पेढे मागतो, आणि पहिल्या तक्रारीला त्याच तोंडाने नावे ठेवतो. हे बदलले पाहिजे.

म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने आमचे एवढेच मागणे आहे. आपल्या भागातल्या निवृत्त शिक्षक-शिक्षिकांनी आपले नाव आणि मोकळा वार विहारात सांगावा. ज्यांची मुले, सुना, लेकी यंदा नव्याने शिकवू लागल्या आहेत, त्यांनीही सांगावे, लाज बाळगू नये. दर पौर्णिमेला वंदना झाल्यावर अर्धा तास ही मंडळी पायरीवर बसतील. तिथे भाषण होणार नाही, हारतुरे होणार नाहीत. नव्याने आपली अडचण सांगायची, जुन्याने ऐकायची, आणि जमल्यास पुढच्या आठवड्यात त्याच्यासंगे जाऊन मागे बसायचे.

किल्ली पूर्वीसारखीच विहारात खिळ्याला टांगलेली आहे. यापुढे ती कुणा नव्याच्या हातात दिली, तर त्याच्याबरोबर आमच्यातला एक जण जाईल, हा शब्द आम्ही सर्वांच्या साक्षीने देतो.

भवतु सब्ब मंगलम्. जय भीम!